तीनदा हाक मारल्यावर

पोलीस चौकीतला चहा मी भरपूर प्यायलेय. गुन्हा करून नव्हे, शांतता समितीची सदस्य म्हणून. सोलापुरात सण जवळ आला की चौकीतून फोन येतो, "बाई, मीटिंगला या." मग आम्ही दहाबारा प्रतिष्ठित माणसं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून शांतता कशी राखावी यावर कचाकचा भांडतो. मी पालिकेच्या शाळेतली निवृत्त मास्तरीण. अक्षर चांगलं, म्हणून इतिवृत्त लिहायचं काम कायम माझ्याच गळ्यात.

यंदा गणपतीच्या आधीच्या मीटिंगला साहेबांनी टेबलावर एक पिवळीकाळी वस्तू ठेवली. करंटची बंदूक. वरून दोन नग चाचणीसाठी आले होते. लांबून झाडली की दोन तारा सुटतात, अंगात रुततात आणि माणूस जागच्या जागी आडवा.

"मरत नाही," साहेब म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "सहसा."

त्यांनी खटका दाबून नुसती ठिणगी दाखवली. तड तड तड! आमच्यातले जिमवाले भाऊ "माझ्यावर करून बघा की साहेब" म्हणत शर्टाची बटणं सोडून बसले होते. त्यांनी ती गुपचूप लावून घेतली.

"तर मंडळी, ही कधी वापरावी? नागरिकांचं मत वर कळवायचंय."

मला वाटलं, लोक जरा बिचकतील. कसलं काय! मिठाईवाल्या शेठजींना फटाक्यासारखा आवाज काढत गाडी पळवणारे आडवे करायचे होते. निवृत्त बँक मॅनेजरांना त्यांच्या कंपाउंडवर बसणारी कॉलेजची पोरं. जिमवाल्या भाऊंना रस्त्यावर पिचकाऱ्या मारणारे, आणि हे सांगताना त्यांच्या स्वतःच्या गालात मावा होता. मी तरी कुठं मागं राहिले? मी म्हटलं, "भर रस्त्यात रिक्षा आडवी लावून गप्पा हाणणारे." सगळे खदाखदा हसले. आमच्या मनासारखं झालं असतं, तर सोलापुरात दुपारपर्यंत कुणी उभं दिसलं नसतं.

दारापाशी एक म्हातारे हवालदार उभे होते. निवृत्तीला आलेले. ते मधेच म्हणाले, "साहेब, माजी सगळी नोकरी झाली, पिस्तूल झाडायची येळ एकदाबी आली न्हाय. जितं गोळीच घालावी लागंल, तितं गोळीच्या जागी हे वापरावं. बाकी कुटंच न्हाय."

"मग ती कपाटातच पडून राहील की!" शेठजी म्हणाले.

"राहू द्या की. पिस्तूलबी पडूनच हाय."

सगळ्यांचा विरस झाला. मी हवालदारांचं बोलणं इतिवृत्तात घेतलंच नाही. साध्या हवालदारानं सांगितलेलं काय लिहायचं, असा माझा तोरा. त्यात साहेब म्हणाले, "बाई, तुम्हीच एक नीट नियम करून द्या." झालं! मास्तरणीला एवढं निमित्त पुरतं. मी पेनाचं टोपण काढलं आणि झोकात लिहिलं: तीनदा हाक मारून 'थांबा' सांगावे. तरीही इसम न थांबता अंगावर येत असेल व कर्मचाऱ्याच्या अंगाला हात लावत असेल, तर वापर योग्य समजावा.

टाळ्या पडल्या. शाळेत मला कधी इतक्या टाळ्या मिळाल्या नव्हत्या. घरी येऊन मी ह्यांना ओरडून ओरडून सगळं सांगितलं.

ओरडून सांगावं लागतं, कारण आमचे हे बहिरे आहेत. जन्मापासून नव्हे. सगळं आयुष्य यंत्रमागावर गेलं, चादरी आणि टॉवेल विणण्यात. त्या खडखडाटानं दोन्ही कान खाल्ले. कानाचं मशीन आणलंय, ते कपाटात. "घातलं की पंखाच ऐकू येतो," म्हणतात. कारखान्यात मागांच्या आवाजात बोलायची एक रीत असते. समोरच्याचे ओठ हलताना दिसले की सरळ त्याच्यापाशी जायचं, त्याच्या खांद्याला धरायचं आणि आपला कान त्याच्या तोंडाला लावायचा. तिथं सगळेच असं करतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. ह्यांची ती सवय बाहेरही सुटली नाही. बँकेत, दवाखान्यात, एकदा तर लग्नात थेट भटजींच्या तोंडाला कान लावला होता. मी लाजेनं मेले होते.

विसर्जनाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास आम्ही ज्वारी दळून आणत होतो. हे पिठाचा डबा काखेत मारून पुढं, मी भाजीची पिशवी घेऊन दहा पावलं मागं. कोपऱ्यावर बांबू बांधून रस्ता बंद केलेला. एक तरुण शिपाई उभा होता, नवाकोरा, आणि त्याच्या कमरेला ती पिवळीकाळी.

"ओ काका, थांबा!"

ह्यांना काय ऐकू येणार? चालतच राहिले.

"थांबा म्हणतो ना!" शिपायानं हात वर केला. दोन बोटं ताठ. तो मोजत होता हो! मोजणी माझीच होती.

मी पिशवी टाकली आणि पळत सुटले. "अहो, ऐकू येत नाही त्यांना! बहिरे आहेत!" पण मागं ढोलताशा सुरू, माझा आवाज मलाच ऐकू येईना. तेवढ्यात ह्यांना त्या पोराचे ओठ हलताना दिसले. मग काय, हसत हसत बांबूखालून वाकून हे थेट त्याच्या अंगावर.

"थांबा!" तिसरी. पिवळीकाळी ह्यांच्या छातीसमोर आली. ह्यांनी प्रेमानं त्याचा खांदा धरला आणि कान पुढं केला.

नियमात एक अक्षर कमी पडलं नव्हतं. सगळं माझ्या सुंदर अक्षरात लिहिल्याप्रमाणं.

मधे कुणाचा तरी हात आला. तेच म्हातारे हवालदार. त्यांनी त्या पोराचं मनगट खाली दाबलं, ह्यांच्या कानाला तोंड लावलं आणि ओरडले, "दादा, रस्ता बंद हाय! मागल्या गल्लीनं जावा!"

"हां हां," हे म्हणाले आणि वळले. पिठाचा डबा तेवढा सांडला होता, त्याचीच ह्यांना हळहळ. मी तिथंच पिठात फतकल मारून बसले आणि हमसून हमसून रडले. तो शिपाईही पांढराफटक पडला होता. "बाई, नियमात तसंच दिलंय," एवढंच म्हणत होता. मी पिठाचे हात पदराला पुसले.

दुसऱ्या दिवशी चौकीत गेले. साहेबांना म्हटलं, "माझा नियम खोडा. हवालदार म्हणाले होते ते लिहायचंय."

"बाई, ते तर वर गेलं! वरिष्ठांना फार आवडलं. सगळीकडं लावायचं म्हणतायत. अक्षराचंही कौतुक झालं." आणि माझ्यासाठी चहा मागवला. मी तो प्यायले नाही, आयुष्यात पहिल्यांदा.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी ह्यांची शिकवणी घेते. ओटा हा बांबू, मी पोलीस, हातात लाटणं. खाकी दिसली की लांबच उभं राहायचं, दोन्ही हात वर, पुढं यायचं नाही, कुणाला हात लावायचा नाही. कानाशी ओरडून सगळं समजावलं. हे मान डोलावतात, लहान मुलासारखे हसतात, दाराशी जाऊन उभे राहतात.

मी लाटणं रोखते. "थांबा!"

ओठ हललेले दिसतात त्यांना.

"थांबा! अहो, थांबा!"

हे सरळ चालत येतात, माझा खांदा धरतात आणि कान माझ्या तोंडाला लावून विचारतात, "काय म्हणतेस गं?"