जिचं नाव मी घेत नव्हते

"आई, मावशी गेली..." फोनवर श्रुती एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. माझी सख्खी बहीण अचलपूरला असते. मला वाटलं, तीच गेली. "कोण मावशी? नीट सांग!" असं मी ओरडले, तेव्हा माझी लेक हुंदके देत म्हणाली, "अकोल्याची मावशी." खरं सांगते, आधी माझा जीव भांड्यात पडला. मग मी ओट्याला टेकून उभी राहिले. आणि दुःखाच्याही आधी मनात आलं ते हे, की मी गेले तर ही पोरगी एवढी रडेल का?

माझ्या त्या मैत्रिणीला जाऊन आता महिना उलटून गेला. तिचं नाव मी लगेच सांगत नाही, त्याला कारण आहे. आम्ही दोघींनी अमरावतीला बी.एड. केलं, हॉस्टेलच्या एकाच खोलीत राहिलो आणि दोघीही इंग्रजीच्या शिक्षिका झालो. ती बार्शीटाकळीची. तिचं इंग्रजी थेट वऱ्हाडी चालीवर चालायचं. मी आरशासमोर उभी राहून जीभ दातांना लावत एकेक उच्चार घासून घ्यायचे, आणि ती मागे पलंगावर लोळत म्हणायची, "सुनंदे, लंडनले चालली का व तू?" पुढे मी अमरावतीतच ज्युनियर कॉलेजात लागले, ती लग्न होऊन अकोल्याला जठारपेठेत गेली आणि तिथल्या शाळेत शिकवू लागली. मुलं तिच्यावर जीव टाकायची. माझ्या मुलांनी माझ्यावर कधी जीव टाकला नाही. मला मान दिला, आणि तो पुरेसा असतो असं मी स्वतःला बरीच वर्षं समजावलं.

तिची शिकवायची रीत तिला सासूकडून मिळाली होती, हे ऐकून कोणी हसेल. सासूबाई जुन्या वळणाच्या. नवऱ्याचं नाव त्यांनी आयुष्यात तोंडातून काढलं नव्हतं. घरात हाका चालायच्या त्या अशा : "ज्याइले जेवल्यावर चा लागतेच, थे कुठी गेले?" हिनं ते ऐकलं आणि वर्गात नेलं. इंग्रजीतलं 'हू'चं वाक्य शिकवायचं तर नाव घ्यायचं नाही, हा तिच्या तासाचा नियमच झाला. फळ्यावर पहिलं वाक्य सासऱ्यांचं : 'द मॅन हू मस्ट ऑलवेज हॅव टी आफ्टर लंच.' मग मुलांना सांगायची, "हू म्हंजे मानूस. कॅन, मस्ट, शुड, माइट हा त्याचा सोभाव. अन् ऑलवेज, नेव्हर ही त्याची खोड. खोड सोभावाच्या मांगं बसते, ध्यानात ठेवा. मानसाले चिकटून हू, हूच्या मांगं सोभाव, सोभावाच्या मांगं खोड. मंग काय करते ते सांगा." झालं. मुलं एकमेकांची वाक्यं करत सुटायची. 'द गर्ल हू कॅन नेव्हर सिट क्वायट.' 'द टीचर हू माइट सडनली आस्क यू.' गावाचं नाव न घेता गावही सांगायचं, तिथं हूच्या जागी 'व्हेअर' : 'द व्हिलेज व्हेअर यू कॅन ऑलवेज गेट अ कप ऑफ टी.' ते कोणाचं गाव, हे बाकीच्यांनी ओळखायचं.

हेच मी वर्गात कसं शिकवायचे? संबंधी उपवाक्य, त्याचे प्रकार, क्रियाविशेषणाचं स्थान, स्वल्पविराम कुठं द्यायचा आणि कुठं नाही. सगळं बिनचूक. मुलं सगळं उतरवून घ्यायची आणि परीक्षा झाली की विसरायची. एकदा अमरावतीला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं, तिथं आम्ही दोघींनी हाच पाठ घेऊन दाखवला. आधी मी, पडद्यावर चित्रंबित्रं दाखवून. आलेले साहेब म्हणाले, "मॅडम, उच्चार फार शुद्ध आहेत तुमचे." नंतर ती खडू घेऊन उभी राहिली आणि तिनं त्या साहेबांवरच वाक्य केलं : 'द ऑफिसर हू कॅन नेव्हर फाइंड हिज पेन.' साहेबांनी खिसे चाचपले आणि सभागृह हसून लोळलं. चहाच्या वेळी सगळे शिक्षक तिच्याभोवती. माझ्या हातात माझा शुद्ध उच्चार आणि गार होत चाललेला चहा. जळून खाक होणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

पण तेही चाललं असतं. श्रुतीला अकोल्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, तिथून माझी खरी पोटदुखी सुरू झाली. इंग्रजीच्या शिक्षिकेची मुलगी इंग्रजी बोलत नाही म्हणून मी कंटाळले होते. विचारलं की म्हणायची, "तू ऐकत नाहीस आई, चुका शोधतेस." रविवारी ती जठारपेठेत जेवायला जाऊ लागली. आधी फोनवर 'मॅडम' होत्या, दिवाळीपर्यंत 'मावशी' झाली. एका संध्याकाळी तिचा फोन आला आणि ती धडधडीत इंग्रजीत बोलली, "बाबा इज द मॅन हू कॅन नेव्हर फाइंड हिज चष्मा!" माझ्याशी इंग्रजीत बोललेलं तिचं पहिलं न अडखळलेलं वाक्य. आनंदानं ओरडायला हवं होतं मी. मी म्हटलं, "चष्मा नाही, स्पेक्टॅकल्स." "ठेवते," ती म्हणाली, मराठीत.

त्यानंतर तिचं नाव माझ्या तोंडात येईनासं झालं. घरी मी म्हणायचे, "जिला साधा 'थ' म्हणता येत नाही ती." "जिच्याकडे आपली मुलगी नेहमी जेवायला जाते ती." हे चष्मा शोधता शोधता हसायचे, "अगं, तिच्या वर्गात तू पहिली आली असतीस." आणि ते खरं होतं. तिच्या सासूबाई मायेपोटी नाव घेत नव्हत्या, मी मत्सरापोटी. वाक्यं मात्र दोघींची सारखीच.

आमची शेवटची भेट तिच्या स्वयंपाकघरात झाली. श्रुतीला घ्यायला मी गेले होते. ओट्यापाशी एक बुटकं लाकडी स्टूल असायचं, त्यावर बसून ती आलं किसत होती. बोलता बोलता सांगू लागली, "आमचे मामंजी गेले ना, तवा सासूबाईनं पयल्यांदा त्यायचं नाव घेतलं. बाजेपाशी उभी राहून, जोरात. मी म्हनलं, आता काहून? त म्हने, आता हाक मारा लागते व, आता थे आपल्या मनानं येनार नाईत." मग किसणी थांबवून तिनं माझ्याकडे पाहिलं. "तू मले हाक काहून नाई मारत व सुनंदे? हॉस्टेलात त दिवसभर माह्या नावाचा जप करे." मी म्हटलं, "वय झालं आता आपलं." ती हसली आणि चहात आलं टाकलं. तिला सगळं कळलं होतं, असं मला वाटतं.

तिच्या आठवणीसाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी जठारपेठेतलं ते घर माणसांनी भरलं होतं. त्रिशरण-पंचशील झालं आणि तिचे विद्यार्थी बोलायला उठले. कोणी बँकेत, कोणी शेतात, कोणी नर्स. एकानंही तिचं नाव घेतलं नाही. कोणी ठरवलं नव्हतं, पण तिच्या तासाचा नियम सगळ्यांनी पाळला. श्रुतीही उठली. "शी वॉज द वन हू वुड नेव्हर लाफ ॲट माय मिस्टेक्स." एवढं बोलून ती खाली बसली. ते वाक्य तिच्यासाठी होतं की माझ्यासाठी, हे मी अजून श्रुतीला विचारलेलं नाही. मग सगळे माझ्याकडे बघू लागले. मैत्रीण ना मी, सर्वांत जुनी. मी उठले, पण बोलायला नाही.

मी आत गेले. स्टूल ओट्यापाशीच होतं. बाहेरच्या खोलीत तिच्या इतक्या मुलांची गर्दी होती आणि प्रत्येकाकडे तिच्याबद्दलचं एक वाक्य होतं. माझ्याकडे नव्हतं. पण त्यांच्याकडे 'मॅडम' होती, माझ्या लेकीकडे 'मावशी' होती, आणि हॉस्टेलच्या खोलीतलं ते नाव त्यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. स्टुलापाशी उभी राहून मी हाक मारली. जोरात.

"निमे..."

श्रुती धावत आत आली. "आई, कोणाला हाक मारलीस?"

"आहे एक," मी म्हटलं. "तू जा बाहेर. ही माझी आहे."