थोरलीचं नाव

माझ्या आईच्या गळ्यात, मंगळसूत्राच्या खाली, काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक असे. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकून काढलेली बाईची आकृती. बिजवराला दिलेल्या बाईनं वारलेल्या सवतीचा टाक गळ्यात घालायचा आणि जेवताना पहिला घास तिच्या नावानं बाजूला काढायचा, अशी आमच्याकडची रीत. माझ्या वडिलांची पहिली बायको बाळंतपणात वारली, असं आईला लग्नाआधी सांगितलं होतं. घरात तिला सगळे ‘थोरली’ म्हणत. वडील फौजेत होते. आम्ही झाशी, जालंधर असे फिरत राहिलो आणि थोरलीही आईच्या गळ्यातून आमच्याबरोबर फिरली.

त्र्याण्णव साली मी दहावीची परीक्षा दिली, वडील पेन्शनवर आले आणि आम्ही साताऱ्याकडच्या गावी, त्यांच्या वडिलार्जित घरात राहायला गेलो. घर जुनं असलं तरी पडकं मुळीच नव्हतं. थोरले चुलते, ज्यांना आम्ही आबा म्हणायचो, घराला दरवर्षी चुना लावून घेत. भिंती एवढ्या रुंद की आतलं बोलणं बाहेर जात नाही, असं ते पाहुण्यांना मिशीवर हात फिरवत सांगत. साफ खोटं होतं ते. बाहेर सगळ्या गावाला सगळं ठाऊक होतं, फक्त आत राहणाऱ्या आम्हाला काही माहीत नव्हतं.

आमची नावं रेशनकार्डावर चढवायची होती. घरात अर्ज नीट लिहिणारी मीच, म्हणून आईनं देवघराच्या दिवळीतून कार्ड काढून माझ्या हातात दिलं. दुकानापर्यंत चालता चालता मी ते वाचलं. आबा, काकू, चुलतभावंडं आणि शेवटून दुसरं थोरलीचं नाव. नातं भावजय. मेलेल्या माणसाचं नाव कमी करायला कोण जातंय, असं मला वाटलं. दुकानात मी शहाणपणानं म्हटलं, “हे नाव कमी करा. या वारल्यात.”

दुकानदार साखर तोलत होता. मान वर न करता म्हणाला, “वारली? कवा? परवा तर तासगावात बघितली की मी. बेदाण्याच्या शेडवर असती.”

रांगेतल्या एका बाईनं त्याला डोळ्यानं खुणावलं. त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं, मी कुणाची ते त्याच्या ध्यानात आलं आणि तो एकदम रॉकेलच्या पिपाकडं वळला. मी कार्ड घेऊन तिथंच उभी राहिले. रांगेतलं कुणी माझ्याकडं बघेना. म्हणजे आमच्या देवघरात ती मेलेली होती आणि रेशनच्या दुकानात जिवंत होती. सतरा वर्षं तिच्या वाट्याची साखर आमच्या घरात येत होती आणि आम्ही तिच्या नावानं घास काढत होतो.

सुट्टीत मी सांगलीला मामाकडं गेले. मैत्रिणीकडं जाते असं सांगून तिथून तासगावची एसटी धरली. दोन शेडवर विचारल्यावर ती सापडली. द्राक्षं वाळायला टाकतात त्या रॅकच्या जाळ्या ती झाडत होती. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत कोड होतं. ते हात बघून व्यापारी माल नाकारतात, म्हणून मालक तिला बेदाणा निवडायला बसवत नव्हता. हे तिनंच सांगितलं, आज ऊन फार आहे म्हणावं तसं. लग्नानंतर वर्षभरात अंगावर पहिला डाग दिसला आणि घरातल्या पोरींची लग्नं अडतील म्हणून आबांनी तिला माहेरी पोचवलं, हेही तिनंच सांगितलं.

मी कुणाची ते ऐकल्यावर ती हसली. “म्हंजी माझा टाक तुझ्या आईच्या गळ्यात व्हय?”

ती रडेल, मला जवळ घेईल, असं काहीतरी मनाशी धरून मी गेले होते. तिनं हातातली जाळी आपटून झाडली.

“मला तुमच्यातलं काय बी नको. तेवढी कार्डावरनं नाव कमी केल्याची चिठ्ठी आण. त्याबिगर हितं मला कार्ड मिळत न्हाई. लय फेऱ्या मारल्या. तुझा चुलता म्हनतो, उद्या ये.”

आबा चिठ्ठी का देत नव्हते ते मला परतीच्या एसटीत उमगलं. नाव कमी करायचं तर कारण लिहावं लागतं. गाव सोडून गेली असं लिहिलं, तर ती जिवंत असल्याचं आबांच्याच सहीनं कागदावर येणार. सवतीवर मुलगी देणार नाही, असं माझे सांगलीचे आजोबा ठणकावून म्हणाले होते. म्हणून आबांनी सोनाराकडून टाक घडवून आणला होता आणि भर मांडवात आईच्या गळ्यात घातला होता. नाटकाला पुरावा चांदीचा.

घरी आल्या आल्या मी आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. पिठाचा हात तसाच टाकावर गेला. “मग मी कोण?” एवढंच ती म्हणाली. पहिली जिवंत असताना दुसरीचं लग्न कायदा धरत नाही, हे ती मास्तरांची मुलगी जाणून होती. तव्यावरची भाकरी करपली. मग म्हणाली, “कुठं बोलू नकोस. तुझं लग्न व्हायचंय.” दुसऱ्या दिवशीही टाक तिच्या गळ्यात होता आणि तिनं पहिला घास बाजूला काढला. मला तिचा राग आला, आबांपेक्षाही जास्त. वडिलांचा तर रागही येईना. सीमेवर त्यांनी काय गाजवलं देव जाणे, घरात थोरल्या भावापुढं त्यांनी कधी मान वर केली नाही.

पाच महिने मी दात आवळून काढले. पितृपक्ष आला. नवमीला, नवऱ्याच्या आधी सवाष्ण गेलेल्या बाईचा म्हाळ घालतात. आमच्या घरी थोरलीचा असे. सगळी भावकी जेवायला आली. खीर, वडे, गवार, अळू. कौलांवर पान ठेवलं आणि सगळे माना वर करून बसले. कावळा काही शिवेना. अर्धा तास गेला. म्हाताऱ्या कुजबुजू लागल्या, काहीतरी इच्छा राहिली असणार.

“जित्या माणसाच्या पानाला कावळा शिवेल कसा?” मी ओरडले. “इच्छा मला विचारा. तिला रेशनकार्ड पाहिजे. आबा, तिचं नाव कमी करा. आजच्या आज.”

आईनं सगळ्या भावकीसमोर माझ्या थोबाडीत मारली. वडील मांडून ठेवलेल्या पत्रावळींकडं बघत राहिले. आबा मात्र शांत होते. “बरं,” ते म्हणाले, “करतो कमी. त्यात काय एवढं?” त्यांनी पान उतरवून गाईपुढं ठेवायला लावलं आणि पंगत बसली. सगळे जेवले. खीर पुन्हा मागून घेतली. एकाच्याही घशात घास अडकला नाही. मी माडीवर जाऊन रडले, पण आतून उकळ्या फुटत होत्या. मी जिंकले होते. एवढ्या मोठ्या घरात खरं बोलायची छाती एकट्या माझीच, असं मला वाटत होतं.

आठवड्यानं आबांनी मला हाक मारली आणि शिक्का मारलेला कागद पुढं केला. “घे. झालं न्हवं तुझ्या मनासारखं?”

नाव कमी केल्याचा दाखला होता. थोरलीचं नाव होतं, आमच्या घराचा नंबर होता. कारणापुढं लिहिलं होतं, मयत.

त्यासाठी लागणारा मृत्यूचा दाखला त्यांना कुणी दिला, मला माहीत नाही. गावात आबांना नाही म्हणणारा माणूस जन्मायचा होता. मी कागद त्यांच्या अंगावर फेकला. त्यांनी तो उचलला, धूळ झटकली आणि पुन्हा माझ्या हातात ठेवला. म्हणाले, “जपून ठेव. सरकारी हाय.”

तोवर ती फक्त आमच्या घरात मेलेली होती. मी आरडाओरडा करून तिला सरकारदरबारीही मारलं. ती तिकडं चिठ्ठीची वाट बघत असणार, हे मला रोज कळत होतं. पुढं कॉलेजसाठी मी तीन वर्षं सांगलीत राहिले. तासगावची एसटी दर अर्ध्या तासाला सुटायची. मी एकदाही चढले नाही.