गरम इंजिनावर ठेवलेला हात

हे नवऱ्याला सांगितलं असतं, पण तो आधीच गेला होता. लेकीला सांगितलं नाही. देवापुढे बसले तरी दुसऱ्याच कशाकशाची माफी मागत राहिले, याची कधी मागितली नाही. तुम्ही वाचणारे मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही सोपं जात नाही.

माझी शाळा चौथीपर्यंत. पण डिझेल इंजिन मला कळतं. निफाडला आमचं गॅरेज होतं — आधी विहिरीवरची इंजिनं, मग ट्रॅक्टर, मग द्राक्षं वाहणारे टेम्पो. नवरा गाडीखाली झोपून काम करायचा, मी वरून पाने द्यायची. देता देता शिकले. तो गेल्यावर गॅरेज बंद झालं, तरी जुनी गाडी घ्यायची म्हटलं की लोक मला बघायला न्यायचे. "म्हातारीला नाडी बघू द्या," म्हणायचे. तेव्हा मी म्हातारीही नव्हते.

पारख अवघड नसते. न सांगता जायचं, सकाळी लवकर, इंजिन थंड असताना. आधी हात लावायचा. थंडगार लागलं तरच चालू करायला सांगायचं — रडतं का एका दमात उठतं, ते बघायचं. धूर निळा असला तर ऑइल जळतंय. पांढरा धूर थांबतच नसला तर आत पाणी जातंय. मग ऑइल भरायचं झाकण काढून आतून बोट फिरवायचं. काळं लागलं तर ठीक. लोण्यासारखं पांढुरकं लागलं तर रेडिएटरचं पाणी आतल्या आत ऑइलमध्ये झिरपतंय, कितीही भरा, संपणारच; त्या गाडीपासून लांब राहायचं. आणि गरम इंजिन कधी तपासायचं नाही. पाहुणे येणार म्हणून झाडून घेतलेल्या घरासारखं असतं ते, काही कळू देत नाही.

एवढं मला येत होतं. म्हणजे नकळत चूक झाली असं मला म्हणता येत नाही.

नामदेव माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा तो चड्डीत शाळेत जायचा, त्याच्या डोक्याला तेल मी लावलेलं. मोठा झाल्यावर दुसऱ्यांचे टेम्पो चालवायचा. स्वतःचा टेम्पो घ्यायचा, हे एकच त्याच्या मनात होतं. तेव्हा पिंपळगावला माझ्या व्याह्यांनी त्यांचा जुना टेम्पो विकायला काढला. माझ्या लताला त्या घरात देऊन वर्षही झालं नव्हतं. नामदेव म्हणाला, "वहिनी, तुम्ही एकदा हात लावा. तुम्ही हो म्हणल्या की मी डोळे झाकून घेतो."

आता लेकीच्या सासरी विहीण न सांगता, भल्या सकाळी कशी जाईल? निरोप धाडला. आम्ही पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं आणि ओट्यावर माझ्यासाठी खुर्ची मांडलेली होती. लग्नात याच लोकांनी आमच्या मांडवाला नावं ठेवली होती. लताला गॅरेजवाल्याची पोर म्हणायचे. त्या दिवशी व्याही स्वतः उठून उभे राहिले. "या इहीणबाई. आमच्या गाडीच्या डॉक्टरीणबाई आल्या." सगळे हसले, मीही हसले. मला बरं वाटलं — फार बरं वाटलं.

मी इंजिनावर हात ठेवला. गरम होतं.

"सकाळीच एक खेप मारली," व्याही म्हणाले. मी विचारलं नव्हतं.

तिथेच म्हणायला हवं होतं — राहू द्या, उद्या थंड असताना बघू. पण तसं बोलणं म्हणजे व्याह्यांना तोंडावर खोटं पाडणं. मी गाडी चालू करायला लावली. झाली, गरम होती, होणारच. झाकण काढलं, आतून बोट फिरवलं. बोटाला पांढुरकं लागलं. नामदेव पलीकडे उभा होता, माझ्या तोंडाकडे बघत — बोटाकडे नाही. मी बोट पदराला पुसलं आणि म्हणाले, "चांगलं हाय. घे."

मग मला पुरणपोळी वाढली. मी दोन खाल्ल्या.

लेकीसाठी केलं, असं म्हणायची सोय आहे. ऐकणाऱ्याला ते पटतंही. पण लताला त्यांनी काय केलं असतं? चार दिवस तोंड फुगवून बसले असते. मी ते त्या खुर्चीसाठी केलं.

आणि हे एवढंच असतं तर मी आजवर कोणाला तरी सांगितलं असतं.

द्राक्षांचा हंगाम होता. नामदेव मुंबईला माल टाकून परत येत होता. कसाऱ्याचा घाट चढताना इंजिन तापलं आणि जाम झालं. गाडी ओढून आणावी लागली. मिस्त्रीने उघडून बघितलं, म्हणाला, पाण्याचा थेंब नाही, कोरडी चालली. सगळं घर अंगणात जमलं. नामदेवने माझ्याकडे बघितलं — रागाने नाही, गुरुजींकडे बघतात तसं. "वहिनी, आसं कसं झालं आसंल?"

तेव्हा काय बोलायला हवं होतं ते तुम्हाला कळतंय ना? मलाही कळत होतं. पण मी त्यालाच विचारलं, "घरून निघताना पाणी बघितलं होतंस का?"

तो गोंधळला. जागरणाने डोळे लाल झालेले. "रोज बघतोच की... बघितलं आसंल. घाईत..." आणि गप्प झाला. त्याच्या त्या गप्प होण्यात मला वाट सापडली. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "पाणी न बघता घाट चढवायचा, मग इंजिनानं काय करावं?"

त्याची बायको सिंधू कपाळावर हात मारून म्हणाली, "मोठ्या बाईंनी सोनं निवडून दिलं, आमच्या ध्यानानं माती केली." पुढे घरात हे बोलणं म्हणच होऊन बसलं. दूध उतू गेलं तरी लोक हसत हसत तेच म्हणायचे. नामदेवही हसायचा.

टेम्पो भंगारात गेला. नामदेवने पुन्हा स्टिअरिंग हातात धरलं नाही. कोणी नको म्हटलं नव्हतं — त्याचाच स्वतःवरचा भरवसा उडाला. पिंपळगावच्या पॅकहाऊसमध्ये क्रेट उचलायला लागला, कंबर गेली तोवर तेच केलं. तिथे येणाऱ्या नव्या ड्रायव्हरांना सांगायचा, "पाणी बघत जा रे. मी नाय बघितलं."

गाडी ओढून आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला होता. हे सांगायलाच मी एवढी फिरत होते. वाकून पाया पडला. "वहिनी, माझ्यापायी तुमचं नाव गेलं. लोक म्हणतील, बाईची पारख चुकली. माफ करा."

मी काय केलं असेल? मी त्याला माफ केलं. डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, होतं असं, पुढे लक्ष देत जा.

नामदेव अजून आहे. आमची दारं एकाच अंगणात उघडतात. गेल्या महिन्यात त्याचा मुलगा जुना ट्रॅक्टर बघायला मला न्यायला आला. "मोठी आई, चल ना. आबा म्हणले, तिच्याबिगर हात लावू नको. आन् घेतल्यावर माझ्यासारखा येडेपणा करू नको." मी सांगितलं, माझे कान गेले, आता मला काही कळत नाही. माझे कान चांगले आहेत.

अजून एक राहिलं. तो मुंबईला निघाला त्या दुपारी मी अंगणात कांदे निवडत होते. नामदेवने रेडिएटरचं झाकण काढलं, हौदातून कळशी भरून आणली, ओतली, वाकून आत बघितलं, पुन्हा थोडं ओतलं. झाकण लावून दाबून बघितलं. हे सगळं माझ्यासमोर झालं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत त्याला विचारत होते तेव्हाही ते माझ्या डोळ्यांपुढे होतं, लख्ख. त्याला आठवलं नाही. मला आठवत होतं.

नामदेवला वाचायचा नाद आहे, माझ्याकडे आलेला छापील कागद तो मागून नेतो. हे छापून आलं की हेही नेईल. त्याने मग काय करावं ते त्याचं तो बघेल. पाणी त्याने बघितलं होतं.