उम्म सालेमच्या चटईवर

शिरपूरहून अकोल्याची एसटी निघायची होती. मी खिडकीत बसले होते. मला सोडायला आलेले आई, बाबा आणि काका खाली उभे राहून माझ्याबद्दल बोलत होते, पण एकमेकांशी.

"हे पोट्टी लोकाईले मुलूख दाखवन?" काका म्हणाले. "घरी पाव्हने आले का आतल्या खोलीत पयते."

"तुमी आता नका बोलू. जाऊन राह्यली ना ते," आई म्हणाली. गजांमधून हात घालून तिनं माझी ओढणी सारखी केली. "बोलाले नाई जमलं तं काम करत राहाजो, बाई."

सगळ्या घराशी भांडून बाबांनीच माझा पासपोर्ट बनवून घेतला होता. आता ते कंडक्टरला पुन्हा पुन्हा विचारत होते, गाडी स्टेशनवर जाते ना, नक्की जाते ना.

काकांचं काही चुकत नव्हतं. आमचा भाजीचा मळा शिरपूर जैन, म्हणजे आमच्या गावाच्या रस्त्याला लागून आहे. गावातल्या जैन देवळाला येणारे यात्रेकरू मळ्यापाशी गाडी थांबवून रस्ता विचारायचे आणि मी वांग्यांच्या वाफ्यात खाली बसायची. तिथून त्यांच्या चपला, त्यांच्या पिशव्या, ते कुणावर चिडलेत, सगळं बघायची. इंग्रजी शाळेत जाऊन मला तीन भाषांत गप्प बसता यायला लागलं, एवढाच फरक पडला. टुरिझमचा कोर्स मी का केला, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. बहुतेक त्या गाड्यांमुळेच.

मस्कतच्या एका टूर कंपनीत बुकिंगच्या टेबलावर नोकरी लागली. सहा महिने प्रोबेशन होतं आणि अट स्पष्ट होती. कंपनीची हस्तकलांची एक दिवसाची सहल असते. डोंगराकडच्या गावांत जाऊन पाहुणे स्वतः मातीचं भांडं घडवतात, खजुराच्या पातींची पट्टी विणतात. ती सहल मला एकटीनं नेता आली पाहिजे. नाही जमलं, तर परतीचं तिकीट.

सुरुवातीचे महिने मी दुसऱ्या गाइडच्या मागे पाण्याच्या बाटल्या घेऊन हिंडले. एकदा सुपरमार्केटमध्ये मेथी दिसली. मुळं कापून, धुऊन, प्लास्टिकच्या डब्यात बंद केलेली. मी तो डबा हातात घेतला आणि परत ठेवून दिला. आमच्याकडे बाजाराच्या आदल्या दिवशी अंगणात मेथीचा ढीग पडतो आणि सगळे गोल बसून जुड्या बांधतात. त्यावेळी घरी कुणीही येवो, शेजारीण, पोस्टमन, अगदी माझ्या मावसबहिणीला बघायला आलेली मंडळी, आई त्यांच्यापुढे मेथी सरकवते. "बसले कायले नुसते? हे घ्या." पाहुणे आधी गोंधळतात, मग मांडी घालतात. घरात गप्प असणारी मी त्या अंगणात मात्र भरपूर बोलायची, हे माझ्याही लक्षात नव्हतं.

पाती विणणाऱ्या बाईंना सगळे उम्म सालेम म्हणत, म्हणजे सालेमची आई. आमच्या वाशिम जिल्ह्यातही बायांना अशीच हाक मारतात, त्यामुळे हे नाव माझ्या तोंडात लगेच बसलं. त्यांना बाजारातली थोडी हिंदी येत होती. मला त्या 'बिंती' म्हणायच्या, म्हणजे पोरी. भिजवलेल्या पाती मांडीवर घेऊन बसायच्या आणि बोटांकडे न बघता विणायच्या. आधी लांबच लांब पट्टी, मग ती गोल फिरवून शिवली की टोपली. आमचे गाइड त्यांच्या शेजारी उभं राहून पाठ केलेलं भाषण म्हणत, मग त्या करून दाखवत, मग पाहुणे दोन मिनिटं पाती धरून फोटो काढत आणि बसमध्ये जात.

ऑफिसात त्या भाषणाची तालीम घेताना आमचे मॅनेजर जोसेफ सर टेबलापलीकडून म्हणाले, "मला फक्त तुझे ओठ हलताना दिसतायत." प्रोबेशनचा शेवटचा महिना सुरू होता. ते पुढे म्हणाले, "गुरुवारचा ग्रुप तू ने. मी मागे बसेन, मध्ये पडणार नाही." ते वाईट माणूस नव्हते, पण अटीवरून मागे हटणारेही नव्हते.

गुरुवारी दहा-बारा जण होते, बहुतेक निवृत्त जोडपी. एक उंच गृहस्थ हाताची घडी घालून दारापाशीच उभे राहिले. मी म्हणाले, "तुमचं स्वागत आहे. ओमानमध्ये खजुराचं झाड..." आणि पुढचं सगळं पुसलं गेलं. सगळे माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. जोसेफ सर मोबाईलकडे बघत होते, माझी लाज राखायला. मला अकोल्याची गाडी दिसायला लागली, उलट्या दिशेनं येणारी.

उम्म सालेम यांच्यासमोर ओल्या पातींचा ढीग होता. मी खाली वाकले, त्यातल्या मूठभर पाती उचलल्या आणि त्या उंच गृहस्थांच्या हातात दिल्या. "उभे का? हे घ्या. मधून चिरायच्या आहेत."

त्यांनी घडी सोडली. मी दुसरी मूठ त्यांच्या बायकोला दिली, मग सगळ्यांना, शेवटी जोसेफ सरांनाही. मग चटईवर मांडी घालून मी स्वतः विणायला लागले. इतके दिवस बघून बघून हात शिकले होते. सगळ्यांच्या माना खाली गेल्या आणि माझ्याकडे बघणारं कुणी उरलं नाही. "ह्या भिजवतात का?" कुणीतरी विचारलं. मी सांगितलं. "रंग कुठून येतो?" तेही सांगितलं. भाषणातलं सगळं बोलून झालं, भाषणात नव्हतं तेही बोलले, आणि माझा आवाज दारापर्यंत जात होता.

उम्म सालेम यांनी उंच गृहस्थांची पट्टी उचलून उजेडात धरली. "ये क्या, बिंती? ये ऊंट का पूंछ!"

मी भाषांतर केलं. ते गृहस्थ इतके हसले की त्यांच्या चिरलेल्या पाती उडाल्या. "तिला सांग, उंट म्हातारा आहे!" ते म्हणाले. तेवढ्यात जोसेफ सरांचा फोन वाजला. त्यांनी हात वर केले. बोटं पट्टीत अडकली होती. "कुणीतरी हे धरा," ते म्हणाले, "सोडलं तर उसवेल!" फोन वाजून वाजून बंद पडला. बाहेर ड्रायव्हर हॉर्न देत होता आणि एकही माणूस उठत नव्हता.

परतताना जोसेफ सर माझ्या शेजारच्या सीटवर आले. शाबासकी त्यांना जमत नाही. "मातीच्या भांड्यांच्या तिथेही असंच कर. आधी माती हातात," ते म्हणाले. मग उठता उठता, "रविवारी आठवडा सुरू झाला की तुझा पासपोर्ट घेऊन ऑफिसात ये. पुढच्या व्हिसाचे कागद करू."

मी बसमधूनच फोन लावला. बाबा बाजारात होते, मागे कोथिंबिरीचा पुकारा चालला होता.

"बाबा, मला ठेवून घेतलं."

"कायले ठेवून घेतलं? काय झालं?"

"नोकरी पक्की झाली, बाबा. आज सगळ्या पाहुण्यांसमोर एकटी बोलले."

माझ्याशी न बोलता बाबांनी बाजूच्या गाड्यांकडे ओरडून सांगितलं, "अरे, माही पोरगी तिथं पक्की झाली! इंग्रज लोकाईले शिकवून राह्यली!" फोन काकांनी ओढला.

"काय वो गाइडबाई, लोकाईसमोर बोलली म्हने. आमच्यासंगं काहून नाई बोलत मंग?"

"तुमच्या हातात मेथी नाई, मोबाईल राह्यते ना, काका," मी म्हणाले. पलीकडे बाबांचं हसू ऐकू आलं. ते बघायला मी तिथे नव्हते, एवढं मात्र त्या दिवशीही टोचलं.

गावी राहिलेल्या माझ्या मैत्रिणींनो, आणि माझ्यासारख्या निघालेल्यांनो, कुठली तू, असं प्रत्येक ग्रुप विचारतो. बाहेर पडलेल्या आपण बहुतेकजणी "मुंबईजवळची" म्हणून सुटका करून घेतो. मीही करायची. पण मुंबईपासून वाशिम जवळ नाही, आणि आता मला सुटायचंही नाही. घर सोडलं की ते मागे राहतं, असं वाटलं होतं. पण परक्या माणसाला ते उलगडून सांगावं लागतं आणि सांगता सांगता ते माझं जास्त होतं. शिरपूरच्या फोनवर मी उम्म सालेम यांचं गाव सांगते, उम्म सालेम यांना शिरपूर. दोन्हीकडची माणसं पुढे काय झालं म्हणून थांबतात.

परवा बसमध्ये मागच्या सीटवरून कुणीतरी तेच विचारलं. मी ड्रायव्हरकडून माईक मागून घेतला, उभी राहिले आणि सांगितलं, "शिरपूर जैन, जिल्हा वाशिम. रस्ता लांब आहे, म्हणून सगळं सांगते."