दुसऱ्या पाण्याची कॉफी

चांगली कॉफी कशात होते, हे तुम्ही घरात ती करणारीला कधी विचारलंय?

परवा मी आणि मैत्रीण आमच्या चळवळीसाठी लिहायला घेतलेलं समतेचं पत्रक बाजूला ठेवून पितळी फिल्टर बरा की फ्रेंच प्रेस, यावर भांडत होतो. मी म्हटलं, "आई, तुला कशातली आवडते?"

फिल्टरमधल्या वापरलेल्या भुकटीवर पुन्हा गरम पाणी ओतत आई म्हणाली, "मला काय माहीत, बाई? पहिला दाट अर्क तुमच्या चळवळीला लागतो. मी दुसऱ्या पाण्याचीच पिते."

मैत्रीण हसली. मी मात्र हातातला कप खाली ठेवला. आईच्या कॉफीतून कपाचा तळ दिसत होता. समान वाट्यावरची माझी सगळी पत्रकं तिच्या वाट्याचा अर्क पिऊन लिहिलेली होती.

भांडं कुठलंही निवडा. उद्या पहिला अर्क करणारीच्या कपात ओता आणि दुसऱ्या पाण्याची तुम्ही प्या.