भागीवहिनींनी नाव घेतलं

परवा बोटीने मुंबईला परत आले, पण एकटी नाही... सोबत आठ वर्षांची चंद्री आहे. ती इथवर कशी आली, ते तुम्हा सगळ्यांना सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तुम्हाला ठाऊकच आहे, रत्नागिरीच्या मुलींच्या शाळेतली नोकरी सोडून मी इथे बहिऱ्या मुलांना शिकवायचं ट्रेनिंग घेतेय. मुलाने आमच्या ओठांकडे बघायचं, गळ्याला हात लावून थरथर ओळखायची आणि तसा आवाज काढायचा. हातवाऱ्यांना मात्र सक्त मनाई! मूल खुणा करू लागलं की त्याचे हात धरून खाली ठेवायचे.

मे महिन्याच्या सुट्टीत घरी गेले, तर भाट्याच्या भागीवहिनी खाडी ओलांडून मला भेटायला आल्या. चंद्री त्यांची मुलगी, जन्मापासून बहिरी. "बाय, हिला तुमच्या शाळंत न्या," म्हणाल्या. पण नवरा बोटीवर खलाशी, आणि त्याचं म्हणणं एकच... "ममईत हरवली तर कोनाची म्हनून सांगल?"

त्यात खोटं काय? आपल्याकडे अनोळखी पोर दिसलं की पहिला प्रश्न तोच. बापाचं नाव सांगितलं की कुणीही घरी आणून सोडतं. तेवढं नाव चंद्रीने सांगितलं तर धाडीन, असं बजावून तो गेला होता. महिनाअखेरीला तो यायचा होता, मग पावसाळ्यात बोटी बंद... आणि या वयात वाया गेलेले महिने भरून निघत नाहीत, हे आमच्या ट्रेनिंगच्या बाई कायम सांगतात.

नाव होतं वामन. ओठांवर स्वच्छ दिसणारं, म्हणून मी खूश! रोज होडीने भाट्याला जायचे, पडवीत उजेडाकडे तोंड करून बसायचे. 'वा'ला खालचा ओठ दाताला, 'म'ला तिचं बोट माझ्या नाकावर. थोड्याच दिवसांत चंद्री जाडसर आवाजात 'वामन' म्हणू लागली.

पण वामन म्हणजे कोण? वस्तू दाखवायची आणि शब्द सांगायचा, हा आमचा धडा... आणि माणूस तर समुद्रावर! मी खुंटीवरचा त्याचा सदरा दाखवला. दुसऱ्या दिवशी चंद्री दांडीवर वाळणाऱ्या प्रत्येक सदऱ्याला 'वामन' म्हणत सुटली. शेजारच्या आजोबांच्या अंगातला सदराही तिने सोडला नाही. घरचे हसले, मला मात्र रडू आलं.

"वहिनी, तुम्ही सांगा तिला. ती तुमच्याच तोंडाकडे बघत मोठी झालीय," मी म्हटलं.

"माज्या तोंडात त्यांचा नाव कसा येल, बाय?"

बरं, उखाण्यात तरी घ्या म्हटलं. घेतला बिचारीने, लाजत लाजत, एका दमात... त्या शब्दांच्या गर्दीत नाव कुठलं, हे चंद्रीला काय कळणार!

तो यायच्या आदल्या दिवशी मी हात टेकले होते. भागीवहिनी सुपात तांदूळ निवडत होत्या, शेजारीच त्यांच्या सासूबाई. एकाएकी वहिनींनी सूप खाली ठेवलं आणि चंद्रीचं तोंड आपल्याकडे वळवलं. स्वतःच्या हनुवटीवर बोटाने आडवी रेघ ओढली. चंद्रीच्या वडिलांच्या हनुवटीवर जखमेचा वण आहे, म्हणून त्यांच्यासाठी मायलेकींची ही खूण. आणि मग ओठ हलले... वा, म, न. आवाज अजिबात नाही!

सासूबाईंनी मानही वर केली नाही. त्यांना ऐकू जाण्यासारखं काही झालंच नव्हतं. चंद्रीने आपल्या हनुवटीवर रेघ ओढली आणि मोठ्याने म्हणाली, "वामन." मग खुंटीवरच्या सदऱ्याकडे बघून जोरजोरात मान हलवली... हा नव्हे, हा नव्हे!

माझा नियम मोडला होता, वहिनींचा शाबूत होता. खरं सांगते, त्यांना मिठी मारावीशी वाटली मला.

वामन आला. तिच्यासमोर उकिडवा बसून म्हणाला, "कोनाची गो तू?" हा प्रश्न तिने आजवर कितीतरी लोकांच्या ओठांवर पाहिला होता. तिने उत्तर दिलं. त्याने पुन्हा विचारलं, तिने पुन्हा सांगितलं... मग तो पाय धुवायला म्हणून मागीलदारी गेला, तो बराच वेळ आत आला नाही.

निघायच्या दिवशी आम्ही पडावातून, म्हणजे किनाऱ्यावरून बोटीपर्यंत नेणाऱ्या होडीतून, चाललो होतो. बंदरावरून सगळे ओरडत होते, पडावातले उलट ओरडत होते, आणि लाटांपुढे कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. फक्त भागीवहिनी गुडघाभर पाण्यात उभ्या राहून हातांनी काहीतरी सांगत होत्या, आणि चंद्री त्यांना शब्दाला शब्द द्यावा तशी उत्तरं देत होती. काय बोलत होत्या, मला नीटसं कळलं नाही. इतकी मोठी ठेव त्या माझ्या हवाली करत होत्या, एवढंच कळलं.

ट्रेनिंगप्रमाणे मी चंद्रीचे हात धरून खाली ठेवायला हवे होते. पडाव हलत होता... मी तिला कमरेशी घट्ट धरलं आणि हात मोकळे राहू दिले.