न झालेले गोल

तो उलटा चालायचा. सिंगापुरात बिशानच्या मेट्रो स्टेशनातून आमच्या ब्लॉककडे येताना गप्पा रंगल्या, की हा धिप्पाड फिनलंडचा माणूस वळून माझ्याकडे तोंड करायचा आणि मागे मागे चालत बोलत राहायचा. खांब, सायकली, भाजीची ट्रॉली ओढणाऱ्या आज्या, कुणालाही धक्का न लावता. आइस हॉकीत तो डिफेन्सला खेळायचा. अंगावर येणाऱ्यावर नजर ठेवून बर्फावर मागे सरकत जाणं, हीच त्याची वर्षानुवर्षांची नोकरी. "समोरच्याला पाठ दाखवायची नाही," तो म्हणायचा.

अशा माणसाबद्दल मी भरल्या सभागृहात, त्याच्या देखत, माइकवरून खोटं बोललो. ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिता येईल.

आमची ओळख माझ्या बायकोमुळे. मंजिरी पंचेचाळिशीनंतर आइस हॉकी शिकायला लागली. इथल्या उकाड्यात ती बर्फाची रिंक तिला माहेरासारखी वाटली. पहिल्या दिवशी ती पुण्याची कानटोपी घालून गेली होती. तो तिथे मोठ्यांना शिकवायचा. युरोपातल्या लहान लहान गावांच्या क्लबांकडून पगारावर खेळून, गुडघे आणि पुढचे दात गमावून, लग्नानंतर बायकोच्या गावी म्हणून इथे आलेला. मंजिरीला त्याने लगेच डिफेन्सला घेतलं. का, तर म्हणे ही खोलीत शिरली की बसायच्या आधी सगळ्यांना एकदा बघून घेते. मी म्हणालो, मला हे लग्नाआधी कळायला हवं होतं.

हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊच्या ठेल्यांच्या मंडईत, जेवायच्या आधी तो पुढचे दात काढून शर्टाच्या खिशात ठेवायचा आणि गोष्टी सांगायचा. एकदा म्हणे एका नामांकित, चपळ खेळाडूला त्याने सामनाभर कडेच्या फळीशी दाबून ठेवलं. शेवटी हात मिळवताना तो खेळाडू म्हणाला, "मला तुझा कंटाळा आला." हा त्याच्या मते त्याला मिळालेला सर्वांत मोठा पुरस्कार.

आमच्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात त्याला प्रमुख पाहुणा म्हणून बोलवायचं ठरलं. शाल, श्रीफळ, परिचय. परिचय माझ्याकडे. असे परिचय तुम्हीही ऐकले असतील, ज्यात पाहुण्याला स्वतःचीच ओळख पटत नाही. मी त्याला विचारलं, कारकिर्दीत एकूण गोल किती? तो पोट धरून हसला. बोटांवर मोजावेत इतके, आणि त्यातलाही एक कुणाच्या तरी पाठीला लागून आत गेलेला.

मला हसू आलं नाही. समोर बँकांतले मोठमोठे मॅनेजर बसणार. एवढ्याशा गोलांसाठी शाल घालायची? शिवाय त्याला मराठी कुठे कळतंय. मी ठोकून दिलं, "ज्यांनी सबंध युरोपात गोलांचा पाऊस पाडला, असे आजचे आपले पाहुणे..."

टाळ्या पडल्या. नारळ छातीशी धरून तोही हसत होता. प्रसादाच्या रांगेत एका बँकरने त्याला विचारलं, यातला तुमचा सर्वांत आवडता गोल कोणता? तो गोंधळला. त्याने मंजिरीला गाठून विचारलं, आणि तिने माझं वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत करून सांगितलं.

तो माझ्याकडे आला. आवाज चढवला नाही. "दुसऱ्यांना गोल करू द्यायचे नाहीत, एवढंच मी आयुष्यभर केलं," तो म्हणाला. "ते तू काढून घेतलंस, आणि दुसऱ्या कुणाचं तरी आयुष्य मला दिलंस."

नंतर त्याने मोदक खाल्ले, सगळ्यांशी गोड बोलला. पण स्टेशनवर भेटला की तो माझ्या शेजारी, पुढे तोंड करून सरळ चालायला लागला. अगदी नीट. हवापाण्याबद्दल बोलायचा.

काही महिन्यांनी जुन्या खेळाडूंचा मैत्रीचा सामना होता. मंजिरी मला ओढून घेऊन गेली. माझी चूक ती विसरली नव्हती. आइस हॉकीत चेंडूऐवजी रबरी चकती असते. "चकतीकडे बघू नकोस," तिने बजावलं. "फक्त त्याच्याकडे बघ. नाहीतर इथून घरी जा."

मी बघितलं. समोरचा वाऱ्यासारखा यायचा. हा दुखऱ्या गुडघ्यांनी मागे मागे सरकत, काठी लांब करून, त्याला हळूच कडेला न्यायचा, आणि तिथे काहीच व्हायचं नाही. परत कुणी यायचा. परत काहीच नाही. इतकं सुंदर 'काहीच नाही' मी कधी पाहिलं नव्हतं. मी उभा राहून टाळ्या वाजवायला लागलो. शेजारच्या चिनी काकांनी विचारलं, काय झालं?

"काही नाही," मी म्हणालो, आणि हसत सुटलो. मंजिरीने कपाळाला हात लावला, पण तीही हसत होती.

आता तो इथे नाही. वडील थकले म्हणून बायकोला घेऊन फिनलंडला परत गेला. जायच्या आधीच्या गणेशोत्सवाला मंजिरीने त्याला जेवायला बोलावलं होतं. त्याच सभागृहात आरती झाल्यावर मी माइक मागून घेतला. आधी मराठीत बोललो, मग तेच त्याच्यासाठी इंग्रजीत.

"मित्रहो, गेल्या वर्षी मी इथे खोटं बोललो. यांनी फार थोडे गोल केले. पण किती तरी नावाजलेले खेळाडू यांच्यामुळे रिकाम्या हातांनी घरी गेले. तेच यांचं काम होतं, आणि ते यांनी उत्तम केलं. मला ते कळलं नाही, म्हणून मला यांच्या थोड्या गोलांची लाज वाटली."

मग त्याच्याकडे वळून म्हणालो, "तुझं आयुष्य होतं तसंच चांगलं होतं. मी त्याला हात लावायला नको होता. मला माफ कर."